अदृश्य हुंडणावळ

परदेशी जाणाऱ्या मनुष्याने पैसा बरोबर कसा न्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. कोणत्या बँकेचे कार्ड स्वस्त पडते आणि कोणते कोठे चालते, एवढे विचारून घेतले की काम संपले, अशी बहुतेकांची समजूत असते. आमच्या मते या प्रश्नाच्या पोटात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो बाजूस सारून केलेली निवड आंधळी ठरण्याचा संभव आहे.

कुंडलसारख्या गावालाही हा विषय आता परका राहिलेला नाही. ज्या स्टेशनाला पूर्वी कुंडल रोड म्हणत, तेथील माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानिकांच्या आश्रयाने आपला कारखाना वसवला. शेजारच्या खानापूर-आटपाडीकडील गलाई मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पसरली. घर सोडून दूर जाणे व दुरून घरी पैसा धाडणे या भागाच्या अंगवळणी पडलेले आहे. आता कित्येक घरांतून प्रवाह उलट वाहू लागला आहे. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत वा इंग्लंडात शिकावयास जाते, आणि पैसा गावाकडून तिकडे जातो. तो पुष्कळदा सोळा-अठरा महिने रानात उभ्या राहिलेल्या आडसाली उसाचा असतो. ऊस वजनाला लागला म्हणजे हाच शेतकरी काट्यावर डोळा ठेवून उभा राहतो. किलोचा फरक त्याला खपत नाही. परंतु त्याच उसाच्या पैशाचे युरो होताना त्यातून किती कापले गेले, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. असे का व्हावे?

महिपतीने ‘भक्तविजया’त नरसी मेहत्याच्या हुंडीची कथा सांगितली आहे. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंनी रोख रक्कम नरसीकडे दिली, हुंडी लिहून घेतली, आणि द्वारकेत शामळशेटीचे रूप घेतलेल्या प्रत्यक्ष भगवंताने ती वटवली. शामळशेटीने तीत हुंडणावळ कापल्याचे आमच्या वाचनात नाही. परंतु तो देव होता. मर्त्य सावकार हुंडणावळ घेत असे, व ते रास्तही होते, कारण जोखीम त्याची होती. मात्र तिचा दर पेढीवर समोरासमोर बसून, प्रसंगी घासाघीस करून ठरे. अंकुशी, चांदवडी अशा नाना प्रकारच्या रुपयांवरील बट्टाही सराफ तोंडावर सांगे. त्या काळी लबाडी नव्हती असे मुळीच नाही. परंतु ती करावयाची तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करावी लागे.

आजची हुंडी म्हणजे बँकेचे कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानुसार नवे कार्ड प्रथम देशापुरतेच चालू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. ही तरतूद आम्हास फार शहाणपणाची वाटते, कारण तीत निदान एकदा तरी मनुष्याला थांबून ‘होय’ म्हणावे लागते. पण पुढे काय होते? परदेशी दुकानात कार्ड लावले की व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी संस्था त्या दिवसाच्या आपल्या दराने रुपये ठरवते, आणि त्यावर आपली बँक अधिभार चढवते. बऱ्याच कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो. साडेतीन टक्के धरले तर एक लाख रुपयांच्या खरेदीवर ३,५०० रुपये, आणि त्या रकमेवर अठरा टक्क्यांनी वस्तू व सेवा कराचे ६३०; एकूण ४,१३० रुपये झाले. वर्षाला पाच लाख खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याचे यात वीस हजारांवर जातात. कार्डाच्या जाहिरातीत वार्षिक वर्गणी माफ असल्याचे ठळक अक्षरांत असते. अधिभार शुल्कपत्रकात, बारीक अक्षरांत असतो.

याहून विलक्षण प्रकार परदेशी दुकानदाराच्या गल्ल्यावर घडतो. यंत्र विचारते: रक्कम रुपयांत द्यावयाची की तेथील चलनात? परमुलखात आपला रुपया दिसला म्हणजे ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटते, आणि प्रवासी रुपयांवर बोट ठेवतो. परंतु तो दर दुकानदार व त्याचा मध्यस्थ यांनी ठरवलेला असतो, आणि त्यात स्वतःच्या बँकेच्या अधिभाराहून मोठा बट्टा असणे नित्याचे आहे. वर रुपयांतील असल्या व्यवहारावरही आपल्याकडील कित्येक बँका निराळे शुल्क घेतात. तेव्हा तेथील चलनच निवडावे, हे उत्तर सोपे आहे. आम्हास बोचते ते हे की, येथे मनुष्याच्या अज्ञानाबरोबर त्याच्या आपलेपणाचाही व्यापार होतो. प्रश्न विचारला गेला, उत्तरही मिळाले, म्हणून संमती झाली असे कायदा म्हणू शकेल. नीतीला तसे म्हणता येईल काय? युरोपीय संघाने २०१९ साली नियम करून, असा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराशी ताडून टक्केवारीत, आणि तोही व्यवहारापूर्वी, दाखवण्याची सक्ती केली. निव्वळ उत्तर मिळवणे पुरेसे नाही, हे त्या नियमाने मान्य केले असे आम्ही समजतो.

यावर अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणतील की, वाणी तरी साखरेवरचा आपला नफा कोठे सांगतो? गिऱ्हाइकाने एकूण किंमत पाहावी आणि पटली तर घ्यावी. आक्षेप वजनदार आहे, पण आम्हास तो येथे लागू पडतो असे वाटत नाही. साखर घेताना आपण काही विकत घेत आहो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते, आणि दर पुडी बांधण्यापूर्वी कळतो. येथे विकत घेतलेली वस्तू म्हणजे खुद्द पैसाच. पैशाने पैसा घेतला जातो तेव्हा ती खरेदी आहे हेच ध्यानात येत नाही. मनुष्याला वाटते की आपण कॉफी घेतली. ज्या सौद्याचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याचा भाव कोण विचारणार?

आगाऊ पैसे भरून न्यावयाचे फॉरेक्स कार्ड या बाबतीत अधिक सरळ दिसते. भरतेवेळी दर ठरतो, आणि त्याच चलनात खर्च केला तर पुढे रुपया घसरला तरी चिंता नाही. तथापि ‘शून्य शुल्क’ हा शिक्का त्यावरही असतो, आणि शिक्क्यापाशी थांबू नये हे गलाईवाल्याहून अधिक कोणास ठाऊक? तो छाप पाहून भाव करीत नाही, सोने कसाला लावतो. त्या दिवशीचा बाजारातील दर आणि बँकेचा विक्रीचा दर शेजारी मांडावेत. अंतर निघेल तीच हुंडणावळ. उरलेली रक्कम परत देताना दर पुन्हा उतरतो, हेही आधीच विचारून घ्यावे. अधिभार न घेणारी काही क्रेडिट व डेबिट कार्डे आता मिळतात, आणि दुकानातील खर्चास ती उत्तम. क्रेडिट कार्डावर रोकड मात्र काढू नये. व्याज त्याच दिवसापासून धावू लागते.

किंमत दिसली पाहिजे, एवढे आम्ही आग्रहाने म्हणतो. पण कार्डाने आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे, आणि तिच्याविषयी आमचे मत उलट आहे. पुष्कळ घरांत वडिलांच्या क्रेडिट कार्डाला जोडलेले पुरवणी कार्ड मुलीच्या हाती देतात. तिने म्युनिकमध्ये सिनेमाचे तिकीट काढले की इकडे कुंडलात वडिलांच्या मोबाइलवर संदेश वाजतो. पैसा ज्यांचा, पाहण्याचा हक्क त्यांचाच, असे कोणी म्हणेल. पैसा कोणाचा हा प्रश्न या गावाने पूर्वी फार निर्वाणीने विचारलेला आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची आगगाडी अडवली गेली, तीत प्रतिसरकारातील येथले जी. डी. लाड अग्रभागी होते, आणि तो पैसा मुळात लोकांच्याच कष्टाचा, अशी त्यांची धारणा होती. तो न्याय लावला तर उसाचा पैसा खुरपणाऱ्या हातांचा, हे आम्हास नाकारता येत नाही. तरीही शिक्षणासाठी दिलेला पैसा एकदा दिला की तो दिलेला असावा. परगावी शिकणाऱ्या मुलाला पूर्वी महिन्याला मनीऑर्डर जाई. तीतून तो खानावळीचे देणे देई की नाटकाला जाई, हे बाप सुटीत त्याच्या तोंडून ऐके, किंवा ऐकतही नसे. त्या अज्ञानात विश्वासाला जागा होती. प्रत्येक पेल्याचा हिशेब क्षणात घरी पोचू लागला म्हणजे मुलगी जपून खर्च करील हे खरे. पण कोणाच्या नजरेने, हा प्रश्न उरतोच.

म्हणून आमची सूचना अशी की, निघण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकदा मुलीसह बसावे, वर्षाची रक्कम ठरवावी, आणि हुंडणावळीचा आकडा कागदावर तिच्याच हाताने काढू द्यावा. मग तिच्या स्वतःच्या नावाचे फॉरेक्स कार्ड घ्यावे, आणि त्याचे संदेश तिच्याच क्रमांकावर जाऊ द्यावेत. जोडीला तिच्या खात्याचे, अधिभार न घेणारे दुसरे कार्ड असावे, व ते निराळ्या बँकेचे असून निराळ्या पिशवीत ठेवावे. एक हरवले वा यंत्राने नाकारले तर परक्या शहरात रात्री कोणापुढे हात पसरण्याची पाळी येऊ नये.