दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवते? गिअरचा दांडा पायापाशी नव्हे, स्टिअरिंगच्या दांडीवर. चालकाचा डावा हात तिथे सहज जाई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून 2023 साली ती निवृत्त झाली, पण हौशी मंडळींनी काही गाड्या अजून जिवापाड जपल्या आहेत.

अशा गाडीचा दांडा हलतो, पण गिअर पडत नाही, तेव्हा संशय लगेच गिअरबॉक्सवर जातो. तो उतरवणं म्हणजे दिवसभराचं काम आणि मोठा खर्च. खरं तर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळ्या, छोटे सांधे आणि त्यांतले बुश असतात. बुश झिजले की प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते. दांडा पूर्ण फिरतो, पण खालचा लिव्हर अर्ध्यातच थांबतो. क्लच नीट सुटतो का, हेही बघायला हवं, नाहीतर गिअर खरखरतो आणि दोष भलत्याच भागावर येतो.

जाणता मिस्त्री आधी इंजिन बंद करतो, एकाला आत बसवून दांडा हलवायला सांगतो आणि स्वतः खाली वाकून हालचाल कुठे हरवते ते शोधतो. असा मिस्त्री मला फार मोलाचा वाटतो. बुश बदलतो, ग्रीस भरतो, सळीची लांबी जुळवतो, मग चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघतो. गिअरबॉक्सचा एकही बोल्ट न उघडता गाडी मालकाच्या हाती देतो.