तक्ता क्रमांक तीन

‘डेटाच मिळत नाही, बाई.’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. तुझा अहवाल वाचला. तळटिपांसकट वाचला. डेटा मिळत नाही म्हणतेस, आणि तक्त्यांमागून तक्ते भरतेस. मग ते आले कुठून? मिळत होतंच. तू निवडलं नाहीस. हाताला लागलं ते उचललंस, आणि त्यात आपलं काम उठून दिसतंय म्हटल्यावर तिथेच शोध थांबवलास.

नालासोपारा पूर्वेला, संतोष भुवन आणि धानीव बागच्या वस्त्यांत, सहावी ते आठवीच्या मुलींबरोबर तुम्ही काम करता. आहार, लोहाच्या गोळ्या, पाळीची स्वच्छता, आयांच्या बैठका. काम चोख आहे. मी पाहिलंय. म्हणूनच चिडले आहे. काम फालतू असतं तर अहवाल बाजूला सारला असता, एवढी शाई खर्च केली नसती.

आता तक्ता तीन काढ. समोर ठेव. वर काय लिहिलंयस? ‘रक्तक्षय : पालघर जिल्हा आणि आमच्या मुली.’ डावीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला जिल्ह्याचा आकडा. उजवीकडे तुमच्या शिबिरातला. उजवीकडचा बराच कमी. आणि खाली ठळक अक्षरांत ‘कार्यक्रमाचा परिणाम’. कसला परिणाम? त्या सर्वेक्षणात रक्त कोणाचं तपासतात? सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांचं, 15 ते 49 वयाच्या बायकांचं आणि 15 ते 54 वयाच्या पुरुषांचं. तुझ्या मुली अकरा ते चौदाच्या. त्या आकड्यात तुझ्या वयोगटाची एकही मुलगी नाही. तू तुलना केलीस ती त्यांच्या मोठ्या बहिणींशी आणि आयांशी. हे कळायला पीएचडी लागत नाही. ओळीच्या नावातच वय छापलेलं असतं. तुझ्या तक्त्यात ओळ आली, आकडा आला, वय तेवढं गळालं. कसं गळालं, ते तुझं तू स्वतःला विचार.

पुढे चल. त्या सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंब काढतात आणि जागच्या जागी यंत्रावर तपासतात. तुमच्या शिबिरात शिरेतून रक्त घेऊन लॅबला पाठवलं. दोन्हींची उत्तरं एकसारखी येत नाहीत, हे तू वर्गात शिकली आहेस. परीक्षेत लिहिलंही होतंस. पुरावा हवा तर घे. केंद्राच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात, 2016-18 साली, शिरेतलं रक्त तपासलं. देशातल्या 10 ते 19 वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षय निघाला 40 टक्के. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 साली, बोटातलं रक्त तपासलं. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये निघाला 59 टक्के. दोन-तीन वर्षांत देशभरच्या मुली एवढ्या फिक्या पडल्या का? वय वेगळं, पद्धत वेगळी, दोन्हीचा त्यात वाटा. म्हणजे चुकीचा आकडा शेजारी ठेवला की एकाही मुलीला एकही गोळी न देता 19 टक्केबिंदूंचा ‘परिणाम’ पदरात पडतो. तक्ता तीनमध्ये तू हेच केलंयस.

आणि रेषा कुठली लावलीस? जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने अकरा वर्षांपर्यंतच्या मुलीला 11.5 ग्रॅमची रेषा, बारा ते चौदाच्या मुलीला 12 ची. तू सगळ्यांना सरसकट 11.5 लावलीस. आठवीतली मुलगी 11.7 वर असली की तुझ्या तक्त्यात ती ठणठणीत. तिच्या आईला तू हेच सांगितलंस का? ‘तुमची पोरगी बरी आहे’ म्हणून?

मला राग आकड्याचा नाही. त्या 11.7 वाल्या पोरीसाठी आहे. तिला गोळ्यांच्या पुढच्या यादीतून वगळलंस. तक्ता चुकला की कागद बिघडतो एवढंच तुला वाटतं. तिची गोळी चुकते.

आता ‘पालघर जिल्हा’ या दोन शब्दांकडे ये. 2011 च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास भरते, आणि त्यातले सव्वाबारा लाख एकट्या वसई-विरार महापालिकेतले. उरलेल्यांत डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. मोखाड्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सगळं राज्य हादरलं होतं, तो हाच डोंगरपट्टा. तिथला पाडा आणि आचोळे रोडवरचा वन-आरके यांची सरासरी काढून जो आकडा येतो तो दोघांपैकी कोणाचाच नसतो. तुझ्या मुलींचे बाप वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत काम करतात, आया चर्चगेट लोकलने घरकामाला जातात. त्यांना मोखाड्याशी जोडून जिल्ह्यापेक्षा आपण बरे ठरवणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं आहे. आणि तू वसईची आहेस. हा फरक तुला मी सांगायचा?

शिवाय ते कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यामागे साधारण नऊशे घरांत जातं. नऊशे! त्यातून नालासोपाऱ्याचा वेगळा आकडा निघेल का? नाही निघत. तुझी सहकारी म्हणाली, मूळ नोंदींतून नकाशावर आपला प्रभाग काढू. तिलाही सांग, त्या नोंदींतली शहरी ठिकाणं मुद्दाम दोन किलोमीटरपर्यंत सरकवून दिलेली असतात, घरं ओळखू येऊ नयेत म्हणून. दोन किलोमीटरमध्ये रेल्वेरूळ ओलांडून तू पूर्वेची पश्चिमेला जातेस.

पुढचा रकाना तर कहर आहे. ‘पालघर, 2015-16.’ हा आकडा आणलास कुठून? जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, हे खरं. पण सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीने 2011 च्या जनगणनेतले 640 जिल्हे धरले होते. त्यात पालघर नाही. ठाणे आहे. तू अखंड ठाण्याचा आकडा घेतलास, वर पालघर लिहिलंस आणि ‘आधी-नंतर’ची बाणाची रेघ ओढलीस. ठाणे, कल्याण, भिवंडी, नवी मुंबई सगळं आत. याला डेटा शोधणं म्हणत नाहीत. आणि ‘नंतर’ तरी कशाच्या नंतर? महाराष्ट्रातली पाचव्या फेरीची पाहणी करोनाच्या आधीच उरकली होती. तुमचा कार्यक्रम टाळेबंदी उठल्यावर सुरू झाला. म्हणजे तुझा ‘नंतर’चा आकडासुद्धा तुमच्या कामाच्या आधीचा आहे. वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तारखा तुला कळतात.

एक आकडा कंसात होता. त्या सर्वेक्षणाच्या जिल्हा-पत्रकावर कंस का घालतात? त्या आकड्यामागे 25 ते 49 माणसंच आहेत, सांभाळून वापरा, असं सांगायला. 25 पेक्षा कमी असली तर आकडा छापतच नाहीत, चांदणी टाकतात. तू कंस काढलास. टंकलेखनात राहून गेला म्हणू नकोस. बाकी सगळे दशांश जागेवर आहेत.

आता सबबी बघू. ‘वेळ नव्हता.’ मुखपृष्ठावरच्या फोटोला वेळ होता. ‘देणगीदाराला तुलना हवी होती.’ देणगीदाराला खोटी तुलना हवी होती? विचारलंस? ‘सगळेच असं करतात.’ सगळे करतात म्हणून मी तुला शिकवलं नव्हतं. ‘जनगणना जुनी आहे.’ आहेच. 2011 ची. पुढची लांबली, तिची संदर्भ तारीख आता 1 मार्च 2027 आहे. पण मग त्याच जुन्या जनगणनेने भागून ‘लाखामागे’ दर कसा काढलास? पेल्हारपर्यंत पसरलेल्या चाळींतली निम्मी माणसं 2011 ला तिथे होती का? गैरसोय झाली की जनगणना जुनी, सोय झाली की प्रमाण?

काखेत कळसा असताना तू गावभर फिरलीस. शाळांची यूडायस माहिती पाहिलीस का? प्रत्येक शाळेचा अकरा अंकी क्रमांक, इयत्तावार मुली, माध्यम, व्यवस्थापन, मुलींचं स्वच्छतागृह, पाणी. तुमच्या शाळांसारख्याच, पण तुमचं काम नसलेल्या शाळा त्यातून एका दुपारी निघाल्या असत्या. तीच खरी तुलना. आणि गाळणी लावताना डोकं जाग्यावर ठेव. महापालिकेच्या हद्दीतल्या कितीतरी मराठी शाळा वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्या राहिल्या. ‘महापालिका शाळा’ एवढंच शोधशील तर त्या सुटतील, आणि परत येऊन मला सांगशील, डेटा नाही. अजून एक. 2022-23 पासून यूडायसमध्ये एकेका विद्यार्थ्याची नोंद घेतात, त्याआधी शाळेची बेरीज घेत होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेच म्हटलंय की आधीच्या वर्षांशी थेट तुलना करू नका. तक्ता सातमध्ये तू नेमकी तीच केलीस आणि पटसंख्या घटल्याचं खापर पालकांवर फोडलंस.

वाचनाच्या पातळीसाठी ‘असर’चा आकडा घेतलास. ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं आहे. वसई-विरार 2009 पासून महापालिका आहे. बाकी काय बोलू?

तक्ता पाच, जन्मांचा, काढून टाक. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, आई राहते तिथे नाही. नालासोपाऱ्याच्या किती बायका बाळंतपणाला मुंबईच्या हॉस्पिटलात जातात, तुला माहीत आहे. नोंदी कमी म्हणजे जन्म कमी नव्हेत.

सरकारी आकडा खोटाच असतो, असंही मनात आणू नकोस. ती आळशाची दुसरी पळवाट. दोन-अडीच दशकांपूर्वी डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या तेरा संस्थांनी बालमृत्यू मोजले, ‘कोवळी पानगळ’ अहवाल काढला. त्यांनी सरकारी नोंदी आधी वाचल्या. कोण मोजलं जातं आणि कोण सुटतं हे समजून घेतलं. मग गावोगाव स्वतः मोजलं, तेव्हा कुठे म्हणाले की मृत्यू नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणून सरकारला ऐकावं लागलं. तू नोंद वाचली नाहीस आणि मोजलंही नाहीस.

परिणामाचं श्रेय घेताना शाळेतली निळी गोळी कुठे गेली? आठवड्याला लोहाची गोळी सरकार किती तरी वर्षं देतंय. तुमच्या शाळांत ती मिळत होती का, किती आठवडे मिळाली, शाळेच्या नोंदवहीत असतं. मुख्याध्यापकांकडे मागितलीस का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्याशी बोललीस का? पालघरच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयात गेलीस का? जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन चाळलंस का? माहिती अधिकाराचा अर्ज केलास का? यातल्या एकाचं तरी उत्तर हो असेल तर मी हे पत्र मागे घेते.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी एक्सेल फिरतेय, तिच्यात मुलींची नावं आहेत. नाव, वर्ग, हिमोग्लोबिन, पाळीची तारीख. ग्रुपवर किती माणसं आहेत? त्या मुली तुझ्यावर विश्वास ठेवून बाही वर करून बसल्या. तू त्यांची पाळीची तारीख अनोळखी फोनांत पाठवलीस. आज रात्री ती फाइल काढून टाकायची, प्रत्येकाला फोन करून काढायला लावायची. नावांच्या जागी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी एकाच कपाटात, एकाच किल्लीखाली. यावर चर्चा नाही.

आता काम. आधी प्रश्न एका ओळीत लिही. कोणत्या वयाच्या, कुठल्या वस्तीतल्या, कोणत्या महिन्यातल्या मुलींबद्दल बोलतेस. मग जो आकडा घेशील त्याच्याशेजारी चार गोष्टी : कोणाला मोजलं, कुठे, कधी, कसं. चारांतल्या दोन जुळत नसतील तर तो आकडा फक्त पार्श्वभूमीला, तुलनेला नाही. पोषण सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा आकडा पार्श्वभूमीला चालेल. वय जवळपास जुळतं, रक्त शिरेतलं, पण तो राज्याचा आहे आणि तुमच्या कामाच्या आधीचा आहे, हे स्पष्ट लिही. तुलना करायची ती तुमच्याच पहिल्या शिबिराच्या नोंदींशी, आणि यूडायसमधून निवडलेल्या दोन-तीन शाळांशी. तिथल्या मुलींचं रक्त त्याच लॅबमध्ये, त्याच महिन्यात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्ट्यांवर येतात, पट बदलतो. त्याच्या आधी उरक. आणि 11.5 ते 12 च्या मधल्या, बारा पूर्ण झालेल्या सगळ्या मुलींची यादी वेगळी काढ. अहवालाआधी त्यांच्या घरी जा.

शनिवारी तक्ता तीन नव्याने करून आण. आकडा मिळाला नाही तर रकाना रिकामा सोड आणि तो का रिकामा आहे ते खाली दोन ओळींत लिही. येताना शाळांच्या गोळ्यांच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्सही आण.