कामातले अवधान आणि अभंगाची वाणी



आमच्याकडे दर महिन्याला वाचकांचे अभंग येतात. कोणी पोस्टाने धाडतो, हल्ली पुष्कळ जण मोबाईलवरून धाडतात. भाव खरा असतो, त्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु दहा अभंग ओळीने वाचले की दहाही एकाच माणसाने लिहिलेसे वाटतात. वीट आली, वाळवंट आले, तुळशीची माळ आली, शेवटच्या चरणात लिहिणाराचे नाव आले. पण हा लिहिणारा लोहार की शाळामास्तर, त्याच्या शिवारात यंदा पीक आले की बुडाले, काही कळत नाही. सातशे वर्षांपूर्वीची जनाबाई आम्हांला शेजारच्या घरातली वाटते, आणि आजचा लिहिणारा परका वाटतो. असे का व्हावे?

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. माउली आरंभीच श्रोत्यांपाशी अवधान मागतात. आपली समजूत अशी, की हे अवधान कीर्तनाला बसले म्हणजे द्यायचे. अहो, कीर्तन असते दोन तास. उरलेले बावीस तास चित्त कोठे असते? आमचे म्हणणे असे, की संतांची वाणी त्या बावीस तासांत पिकली.

जनाबाईचेच घ्या. गंगाखेडची पोर, पंढरीस नामदेवरायांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, सडा, पाणी, असा दिवस. गोपाळपुरास तिचे जाते म्हणून दाखवतात. आपणांपैकी पुष्कळांनी त्याला हात लावला असेल. पण दळणे म्हणजे काय ते जन्मभर दळलेल्या एखाद्या म्हातारीला विचारा. घास जास्त पडला तर पीठ भरड येते. कमी पडला तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. एक हात खुंट्यावर, दुसरा हात न पाहता मूठ सोडतो. मधूनच पीठ चिमटीत घेऊन पाहावे लागते. जात्याला टाकी लावायची वेळ झाली हे तिला कान सांगतो. इतके सगळे सांभाळताना मन बाहेर उंडारायला जाऊ शकत नाही. आणि गंमत अशी, की हाताला फेरा बसला म्हणजे तेच मन मोकळेही होते. जागे आणि मोकळे, दोन्ही एकदम! अशा मनात ओवी येते. तिची लांबी कोणी छंदशास्त्री ठरवत नाही, जात्याचा फेरा आणि बाईचा श्वास ठरवतो. जनीला विठ्ठल दळू लागलेला दिसला, तो या जात्यापाशीच.

हे एकट्या जनीचे नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या रचणाऱ्या बायांपैकी कितीकांनी पाटीला हातही लावला नव्हता. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (1880 ते 1951) यांनाही लिहिता येत नव्हते. शेतात, चुलीपुढे, जात्यावर जे सुचले ते त्या गात गेल्या. चिरंजीव सोपानदेवांनी ते उतरवून ठेवले म्हणून 1952 साली पुस्तक निघाले. सुगरणीचा खोपा आपण सर्वांनीच पाहिला आहे. पण त्यांनी तो थांबून पाहिला.

अरणच्या सावता महाराजांच्या अभंगात भाजीपाला आहे, मोटेचा सरंजाम आहे. सेना महाराजांच्या अभंगात आरसा आणि चिमटा आहे. त्यांनी उपमा शोधायला धंदा सोडला नाही.

इथे कोणी विचारील, "महाराज, चित्त कामात गुंतले तर नामात कधी राहायचे? आणि गोरोबाकाकांचे काय?" प्रश्न रास्त आहे. तेरच्या गोरोबांची कथा सर्वांस ठाऊक. नामात इतके रंगले, की पायाखालच्या चिखलात आपलेच मूल तुडवले गेले ते कळले नाही. आम्ही कीर्तनकार ती कथा तल्लीनतेचा गौरव म्हणून सांगतो. सांगावी. परंतु त्या आईचा हंबरडा घाईघाईने उरकून मूल परत मिळाल्याच्या आनंदावर उडी मारू नये, असे आम्हांस वाटते. परंपरेने तो हंबरडा कथेतून गाळला नाही, हे ध्यानात घ्या. नामाने भान सुटते तसे भान येतेही, आणि प्रपंची माणसाला दुसऱ्याची गरज अधिक आहे.

याच गोरोबांची दुसरी कथा पहा. संतमंडळी त्यांच्या घरी जमली, मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवले, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पारख केली. भाजलेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. नामदेवांना तो मार सोसला नाही. काकांनी सांगून टाकले, हे मडके कच्चे आहे. नामदेव रागावले, रडले, पण अखेर औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. ही पारख गोरोबांना पोथीने दिली नव्हती. आव्याशेजारी बसून हजारो मडकी वाजवणाऱ्या कानाने दिली होती.

आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. अवधान म्हणजे गोडगोड समाधान, असे कोणी समजू नये. चोखोबांनी डोळे उघडे ठेवले तेव्हा त्यांना विठ्ठल दिसला, तसे बंद दारही दिसले. त्यांच्या अभंगात दोन्ही आहेत. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना 1338 साली भिंत कोसळून ते गेले. समाधी मिळाली ती महाद्वाराबाहेर. ते दार उघडायला 1947 साल उजाडले, साने गुरुजींना पंढरीत उपोषणाला बसावे लागले. चोखोबांनी पाहिले आणि सांगून ठेवले होते. आपणच सहाशे वर्षे ते चालीवर म्हणत राहिलो, ऐकले नाही.

तेव्हा लिहू इच्छिणाऱ्या भाविकांना आमची एक विनंती आहे. वारीत चालताना मोबाईल पिशवीत ठेवा. पुढच्याच्या टाचेची भेग पाहा, दिंडीतल्या स्वयंपाकाच्या बाया पहाटे किती वाजता उठतात ते पाहा, विणेकऱ्याचा खांदा कधी बदलतो ते पाहा. घरी परतल्यावर धार काढताना, बिल फाडताना, एस.टी.चे चाक फिरवताना, ज्याचे जे काम असेल त्यात तसेच पाहा. अभंग सुचावा म्हणून पाहू नका. सुचला नाही तरी धार नीट निघेल, गिऱ्हाईक फसणार नाही, हे काय थोडे झाले?

आणि येथून पुढे जो कोणी आमच्याकडे अभंग धाडील, त्याने खाली आपला धंदा लिहावा. बाईमाणसाने घरकाम असेल तर तेच लिहावे, लाजू नये. आम्ही आधी तो शब्द वाचू, मग अभंग.

रामकृष्ण हरि.