मुख्य मिळेपर्यंतचा प्रतिनिधी

यज्ञाला व्रीही, म्हणजे तांदूळ, लागतात, आणि ऐन वेळी व्रीहीच नाहीत. मग काय करायचे? जैमिनींच्या मीमांसासूत्रांतल्या सहाव्या अध्यायात या प्रश्नाचा तपशीलवार खल आहे. उत्तर व्यवहारी आहे. नित्यकर्म टाळता येत नाही, म्हणून व्रीहींच्या जागी नीवार, म्हणजे न पेरता उगवणारा रानतांदूळ, चालतो. मात्र प्रतिनिधी हा मुख्याशी जमेल तितका मिळताजुळता असला पाहिजे. पुढे एक पक्के कुंपणही घातले आहे: द्रव्याला प्रतिनिधी चालतो, देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना चालत नाही. आणि मुख्य द्रव्य हाती आले की मुख्यच घ्यायचे, कारण प्रतिनिधी आला होता तो मुख्य नव्हते म्हणून.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही चर्चा आज यज्ञशाळेबाहेर कुठे रंगत असेल, तर ती सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या जुन्या प्रकल्पांत. तिथे मुख्य आहे 'मेक युनिक' नावाचे एक छोटेसे फंक्शन. प्रश्न असा की जे फंक्शन भाषेच्या जुन्या मानकात नाही, ते स्वतः लिहून, त्याच नावाने, त्याच घराण्यात बसवावे का?

आधी थोडी पार्श्वभूमी. सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम 'न्यू' म्हणून मेमरी मागतो आणि काम झाल्यावर 'डिलीट' म्हणून परत करतो. परत करायला विसरला, तर ती मेमरी प्रोग्राम संपेपर्यंत अडकून राहते. ही विसराळू माणसाची अडचण ओळखून स्मार्ट पॉइंटर आले. त्यांतला 'युनिक पॉइंटर' हा एका वस्तूचा एकमेव मालक. मालक संपला की वस्तूही आपोआप मोडीत निघते. २०११ च्या मानकात युनिक पॉइंटर आला, वाटून घेण्यासाठी 'शेअर्ड पॉइंटर' आला, शेअर्डसाठी 'मेक शेअर्ड' हे मदतनीस फंक्शनही आले. युनिकसाठी मात्र तसे काही आलेच नाही. भाषेच्या मानक समितीचे अनेक वर्षे निमंत्रक राहिलेल्या हर्ब सटर यांनी लिहूनच टाकले की ही काही अंशी नजरचूक आहे आणि पुढे ती भरून निघेल. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिस्टलच्या बैठकीत स्टीफन लावावे यांचा प्रस्ताव मंजूर झाला आणि २०१४ च्या मानकात मेक युनिक आले.

कागदावर फट तीन वर्षांची. प्रत्यक्षात ती कितीतरी लांबली. जीसीसी कंपायलरच्या ४.९ आवृत्तीत मेक युनिक होते. पण त्यानंतर, जून २०१४ मध्ये, आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ने सोबत ४.८ आवृत्ती दिली. ही प्रणाली कंपन्यांच्या सर्व्हरांवर जून २०२४ पर्यंत अधिकृत देखभालीखाली होती. म्हणजे तिच्यासोबतच्या कंपायलरवरच भागवणाऱ्याला दहा वर्षे व्रीही मिळाले नाहीत.

मग सगळ्यांनी नीवार शोधले. फंक्शन तसे चार ओळींचे: मिळालेले सगळे अर्ग्युमेंट जसेच्या तसे पुढे द्यायचे, 'न्यू' करायचे, हाती आलेला पत्ता युनिक पॉइंटरच्या ताब्यात द्यायचा. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने आपले मेक युनिक लिहिले, फेसबुकच्या फॉली लायब्ररीने आपले, गूगलने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या ॲबसेलने आपले. या सर्वांनी फंक्शन आपापल्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे आपापल्या आडनावाखाली, ठेवले. पण अनेक लहानमोठ्या प्रकल्पांनी दुसरी वाट धरली. त्यांनी थेट 'एसटीडी' हे मानकाचे नेमस्पेस उघडले आणि आपले फंक्शन आत ठेवून दिले. हेतू वाईट नव्हता. उद्या खरे मेक युनिक येणारच आहे. तेव्हा हजारो ठिकाणची हाक बदलावी लागू नये, एवढेच.

मानक याला स्पष्ट मनाई करते. काही नेमके अपवाद सोडले, तर एसटीडीमध्ये स्वतःची घोषणा घालणाऱ्या प्रोग्रामचे वर्तन 'अनडिफाइन्ड' ठरते, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही. गंमत अशी की बहुतेक वेळा काहीच होत नाही. कंपायलर तक्रार करत नाही, प्रोग्राम चालतो, मेमरी वेळेवर परत जाते. म्हणून तरुण प्रोग्रामर वैतागून विचारतो: मजकूर तोच, काम तेच, निकाल तोच, मग ते नाव लावले तर बिघडले काय?

हा प्रश्न तांत्रिक नाही. एखादी गोष्ट 'ती' ठरते ती तिच्या गुणांनी, की ती कुठून आली यावरून?

मीमांसकांनी नेमका हाच प्रश्न मंत्रांबाबत सोडवला आहे. दर्शपूर्णमास ही इष्टी नावाच्या यज्ञांची प्रकृती, म्हणजे मूळ नमुना. तिची सगळी अंगे तपशिलाने सांगितलेली. सूर्यासाठी चरू अर्पण करायची सौर्य इष्टी ही तिची विकृती. तिच्याबद्दल वेद त्रोटक बोलतो आणि बाकीचे प्रकृतीवरून आणायचे असते. पण प्रकृतीतल्या मंत्रात 'अग्नये' असा शब्द आहे, आणि इथे देवता सूर्य. मग तिथे 'सूर्याय' म्हणायचे. या फेरफाराला ऊह म्हणतात. नववा अध्याय मुख्यतः त्यालाच वाहिलेला आहे. ऊह करणे ही चैन नाही, ते कर्तव्य आहे. पतंजलींनी महाभाष्यात व्याकरण शिकण्याची जी प्रयोजने दिली, त्यांत ऊहाचा समावेश आहे: वेदात सर्व लिंगे आणि सर्व विभक्ती आलेल्या नाहीत, त्या प्रसंगी योग्य रीतीने बदलाव्या लागतात, आणि व्याकरण न जाणणाऱ्याला ते जमत नाही.

तर मग हा ऊहाने आलेला शब्द मंत्र आहे का? जैमिनींचे उत्तर दुसऱ्या अध्यायात येऊन गेलेले आहे: नाही. परंपरेने पठण झालेल्या पाठात जे आलेले नाही, त्याला मंत्रत्व नाही. 'सूर्याय' व्याकरणाने शुद्ध आहे, कर्माला आवश्यक आहे, तो न म्हटला तर इष्टी बिघडेल. तरीही तो मंत्र नव्हे. उपयोग आणि पदवी यांची इतकी निर्विकार फारकत क्वचितच कुणी केली असेल. (या शास्त्राची मराठी मुलखात मोठी निगा राखली गेली. केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला सात खंडांचा मीमांसाकोश वाईच्या प्राज्ञपाठशाळेने छापला. तो संस्कृतात आहे, पण चाळायला भीती बाळगू नये.)

यावर एक तगडा आक्षेप येतो. वेद मीमांसकांच्या मते अपौरुषेय. त्याला कर्ता नाही, म्हणून चूकही नाही. सी प्लस प्लसच्या मानकाला कर्ते आहेत, ते बैठकांना विमानाने येतात, हात वर करून मते देतात आणि कधी कधी विसरतात. इथे तर विसरल्याचे त्यांच्यातल्याच एकाने सांगितले आहे. मग जे त्यांच्या मनात होते तेच आपण लिहिले, तर ते त्यांचेच नाही का?

आक्षेप बिनतोड वाटतो, आणि प्रत्यक्षात तिथेच तो पडतो. कारण मनात काय होते हे मंजूर मजकूर हाती येईपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते. गावोगावी फिरलेले चार ओळींचे फंक्शन एकच प्रकार हाताळत होते, एकट्या वस्तूचा. मंजूर प्रस्तावात तीन प्रकार आहेत: एकटी वस्तू, लांबी आयत्या वेळी सांगायचे ॲरे, ज्यांतले सर्व घटक आधी शून्यवत् करून मिळतात, आणि लांबी प्रकारातच कोरलेले ॲरे, ज्यांच्यासाठी हे फंक्शन मुद्दाम बंद ठेवले आहे. ज्याने एसटीडीचे नाव लावून चार ओळी लिहिल्या, त्याने समितीच्या मनातले लिहिले नव्हते, समितीच्या नावावर आपले लिहिले होते. पुढे त्याच घरात कुणी खरे हेडर आणले की एकतर दुहेरी व्याख्येची चूक येते, नाहीतर क्लँग कंपायलरच्या लायब्ररीसारखी जिथे एसटीडीच्या पोटात आणखी एक अदृश्य नेमस्पेस आहे, तिथे दोन मेक युनिकांपैकी कोणते, या संभ्रमात कंपायलर थांबतो. थांबला तर नशीब म्हणायचे. एकाच प्रोग्रामच्या दोन फायलींत त्याच नावाच्या दोन वेगळ्या व्याख्या गेल्या, तर तो निमूट पुढेही जाऊ शकतो.

आपले आडनाव लावणारेही पूर्ण सुटले नाहीत. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनला आडनाव न लावता हाक मारली, तर कंपायलर अर्ग्युमेंट कोणत्या नेमस्पेसचे आहेत ते पाहून तिथेही शोध घेतो. अर्ग्युमेंट म्हणून एसटीडीची स्ट्रिंग दिली की शोध एसटीडीत जातो. २०११ च्या मानकावर तिथे काही नव्हते, म्हणून घरचे फंक्शन निवडले जाई. मानक २०१४ चे केले की तिथे दुसरे, तितकेच योग्य मेक युनिक उभे असते, आणि काल चाललेली ओळ आज अडते. उपाय साधा आहे: प्रत्येक हाकेत पूर्ण नाव घ्या.

आता याहून मागे, १९९८ च्या मानकाकडे गेले तर सादृश्याचाच प्रश्न येतो. तिथला 'ऑटो पॉइंटर' दिसायला युनिक पॉइंटरसारखा, पण त्याची नक्कल केली की मूळ प्रत रिकामी होते. म्हणून तो व्हेक्टरमध्ये ठेवणेही धोक्याचे. २०११ मध्ये तो नापसंत ठरला, २०१७ मध्ये काढून टाकला. बूस्ट या लायब्ररी-संग्रहातल्या मूव्ह लायब्ररीने जुन्या भाषेतही मालकी हलवण्याचे सोंग कौशल्याने वठवले आहे, पण किंमत पाहा. अर्ग्युमेंट जसेच्या तसे पुढे देण्याची सोयच १९९८ मध्ये नाही. दर अर्ग्युमेंटला बदलता येणारे आणि न बदलता येणारे अशी दोन रूपे धरावी लागतात. तीन अर्ग्युमेंटना ८ फंक्शने, पाचांना ३२, दहांना १०२४. इथवर आल्यावर प्रतिनिधी शोधण्यापेक्षा कर्म पुढे ढकलावे हेच बरे.

ढकलता येते का? मीमांसेत नित्य आणि काम्य यांत फरक आहे. नित्यकर्म अंगे थोडी उणी राहिली तरी करायचे. काम्यकर्माला मात्र सर्व अंगे जमणार असतील तरच हात घालायचा. मेक युनिक यांतले कोणते, हे विचारले की बरीच हवा निघते. ते नसले तरी युनिक पॉइंटर चालतो. 'न्यू' हाताने लिहायचे, इतकेच. खरी गरज एका कोपऱ्यात होती. एकाच फंक्शनला दोन युनिक पॉइंटर जागेवर बनवून दिले, तर कंपायलर आधी दोन्ही 'न्यू' उरकू शकत असे. दुसऱ्यात अपवाद, म्हणजे एक्सेप्शन, उसळला की पहिल्याची मेमरी, अजून मालक न मिळाल्याने, गळून जाई. ही फट २०१७ च्या मानकाने अर्ग्युमेंटच्या मूल्यमापनाचे नियम कडक करून बुजवली. जुन्या मानकावर दोन पॉइंटर आधी दोन वेगळ्या ओळींत बनवले तरी ती बुजते. तेव्हा एसटीडीत घुसखोरी करण्याइतके हे नित्य कधीच नव्हते.

मुख्य आल्यावर काय, याबाबत मोठे प्रकल्प जैमिनींशी सहमत झालेले दिसतात, न वाचता. एलएलव्हीएमने २०१९ मध्ये २०१४ चे मानक स्वीकारले आणि आपले मेक युनिक काढून सगळीकडे एसटीडीचे घातले. ॲबसेलने नाव ठेवले, पण नवे मानक असेल तिथे त्या नावामागे एसटीडीचेच फंक्शन उभे केले. पहिली रीत अधिक सोवळी, दुसरी बाहेरच्या वापरकर्त्यांची अधिक काळजी घेणारी. दोन्हींत प्रतिनिधीला मुख्याशी भांडावे लागत नाही, कारण तो त्याचे नाव घेऊन कधी बसलाच नव्हता.

वेदाची पुढची आवृत्ती येत नाही. या मानकाची दर तीन वर्षांनी येते, त्यामुळे असे प्रसंग पुन्हा येणारच. २०२० च्या मानकात मेक युनिकचे आणखी एक भावंड आले, मेमरी आधी शून्यवत् न करता देणारे. मसुद्यात त्याचे नाव 'मेक युनिक डिफॉल्ट इनिट' होते; अंतिम मानकात ते 'मेक युनिक फॉर ओव्हरराइट' झाले. मसुदा वाचून ज्याने ते घाईने एसटीडीत बसवले असेल, त्याच्या प्रोग्राममध्ये आज मानकाच्या आडनावाचे असे एक फंक्शन आहे, जे मानकात कधी आलेच नाही. जुना प्रकल्प सांभाळणाऱ्या प्रत्येकाने एकदा आपल्या हेडर फायलींत एसटीडी कुठे उघडले आहे ते शोधावे, आणि आतले जे आपले असेल ते आपल्या नावाखाली आणावे.