काटा कशाबरोबर हलतो

हाताने बांधलेल्या इंजिनाचं 'नेहमीचं' काय, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं. ब्लॉक एका गाडीचा, क्रँक दुसऱ्या गाडीचा. तेलाचा पंप जास्त ताकदीचा आणलेला. तेल साठवणारं खालचं चेंबर कापून, वेल्डिंग करून खोल केलेलं. हे सगळे भाग एकमेकांना पहिल्यांदाच भेटत असतात. मग एक दिवस डॅशबोर्डावरचा तेलाच्या दाबाचा काटा हलू लागतो. ४० पौंडांवरून २५ वर, पुन्हा ४० वर.

ज्याने इंजिन बांधलं, त्याचा जीव त्या काट्यात अडकतो. ते साहजिक आहे. तेल पोचायचं थांबलं, तर बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही.

अशा वेळी काटा वर आणण्याचे सोपे उपाय हाताशी असतात. जाड तेल घालावं. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वॉशर टाकावा. काटा खरोखर वर येतो. पण पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल पुढे ढकलतो. दाब येतो तो वाटेतल्या अडथळ्यामुळे. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोर धरतं, तसा. म्हणून वाट तुंबली तरी काटा उंचच दिसू शकतो, आणि तुंबलेल्या जागेच्या पलीकडचं बेअरिंग कोरडं पडत असतं. आकडा चांगला दिसणं आणि तेल पोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाणता मिस्त्री काटा किती हलला हे आधी विचारत नाही. कशाबरोबर हलला, हे विचारतो.

हेडलाईट लावल्यावर हलला, तर तेलाचा त्याच्याशी काही संबंध नाही. विजेवर चालणाऱ्या गेजचा सेन्सर पुष्कळदा स्वतःच्या आट्यांमधूनच अर्थिंग घेतो. गळती नको म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली की अर्थिंग कच्चं होतं, आणि काटा भलतंच सांगू लागतो. वळणावर किंवा जोराच्या ब्रेकवर पडला, तर चेंबरातलं तेल एका बाजूला सरकतंय आणि पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढतेय. चेंबर खोल केलं, पण जाळीची नळी तेवढी खाली नेली नाही, तर हे होणारच. गरम झाल्यावर फक्त आयडलिंगला खाली आला, तर तेल पातळ झालंय, किंवा बेअरिंगमधली फट जास्त राहिलीय. आणि कशाशीच मेळ नसताना एकदम पडला, तर मशीनिंगचा एखादा बारीक कीस दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये अडकून त्याला नीट मिटू देत नसेल.

एकच काटा, हलण्याच्या चार तऱ्हा. त्यातल्या बहुतेक उभ्या गाडीत गेजसमोर बसून कळत नाहीत. गाडी चालवावी लागते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मला ते या संदर्भात फार महत्त्वाचे वाटतात. आस खालून तेलात भिजत फिरत होता, पंप नव्हताच. वरून तेल सोडायला म्हणून त्यांनी बेअरिंगला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी तिथून वर येऊ लागलं. भोकात बूच ठोकलं. ते बाहेर ढकललं गेलं. मग त्यांनी तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंडांच्या आसपास होता, आणि काटा २०० च्या पुढे गेला. तो दाब फिरण्यातूनच निर्माण झाला होता. असं का होतं, याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडलं.

गाडीच्या क्रँकचंही तेच आहे. ती तेलाच्या ज्या पातळ थरावर तरंगते, त्या थरातला दाब गेजवरच्या आकड्याच्या कितीतरी पट असतो. तो कुठल्याच काट्यावर दिसत नाही. गेज एवढंच सांगतो, की तो जिथे बसवलाय तिथवर पुरवठा येतोय. भार पेलण्याचं काम तिथून पुढे, नजरेआड चालतं.

तो एवढं तरी खरं सांगतोय का, हे कळण्यासाठी चेंबर उघडण्याआधी एक दुसरा गेज लावून बघावा. साधा, नळीचा. वाकडी नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. बूर्दों यांनी फ्रान्समध्ये १८४९ साली पेटंट घेतलेली ही युक्ती अजून तशीच चालते, आणि तिला विजेची गरज नाही. दोन्ही काटे एकदम पडले, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करावं. ऑईल फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पसरावा. धातूची चमक दिसली, तर उत्तर मिळालं. मग चेंबर उघडायलाच हवं.

कारखान्यातून आलेल्या काही गाड्यांत असेही गेज होते, की दाब अगदी तळाला जाईपर्यंत काटा मधोमध स्थिर राहायचा. आत साधा चालू-बंद स्विच असायचा. ती स्थिरता मला नकोशी वाटते. खरा गेज हलतोच. सकाळी थंड इंजिनात उंच, तापल्यावर खाली, रेस दिली की पुन्हा वर. मिनिटाच्या दर १००० फेऱ्यांना चौरस इंचाला १० पौंड हा जुना ठोकताळा आरंभापुरता बरा आहे. पण या इंजिनाचं स्वाभाविक हलणं कुठे संपतं आणि दुखणं कुठे सुरू होतं, हे त्या ठोकताळ्यातून कळत नाही. त्यासाठी सुरुवातीच्या दिवसांत थंड, गरम, आयडलिंग आणि वेगातले आकडे वहीत लिहीत राहावे लागतात, काही बिघडलेलं नसतानाही.