शेवटचं ताट



थंडी पडली की आमच्या आष्टीत पहाटे तळेगावच्या रस्त्यावर वर्दळ वाढते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धापा टाकत पुढे निघून जातात, निवृत्त गुरुजी मफलर गुंडाळून आपल्या चालीनं चालत राहतात. अलीकडे त्यांत एक नवी मंडळी दिसू लागली आहे. साडीवर स्वेटर, डोक्याला स्कार्फ आणि पायात लेकाचे जुने बूट घातलेल्या बायका. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. जन्मभर ज्यांचे पाय शेत, विहीर, दळण आणि पाहुण्यांसाठीच चालले, त्या आता सकाळचा अर्धा तास स्वतःसाठी काढतात, ही लहान गोष्ट नाही.

दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या वहिनीही त्यांच्यात सामील झाल्या. वय पन्नाशीचं, गुडघे दुखतात. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि वहिनींनी ते मनावर घेतलं. सकाळचा नाश्ता बंद केला, रात्रीच्या दोन पोळ्यांची एक केली. काटा मात्र जागचा हलेना. या आठवड्यात भेटल्या तेव्हा अगदी रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माह्या ताटात त एकच पोळी असते वो. मंग हे वजन येते कुठून?"

त्याच रात्री थोडी संत्री द्यायला मी त्यांच्याकडे गेले. घरातल्या सगळ्यांची जेवणं आटोपली होती. वहिनी ओट्याशी होत्या. नातवानं अर्धी टाकलेली पोळी त्यांनी आपल्या ताटात घेतली. गंजातला भात खरवडला, तो दोन घास नव्हता, चांगला वाटीभर होता. त्यावर उरलेलं वरण ओतलं. मग वांग्याच्या भाजीची कढई पुढे ओढली, तळाशी साचलेलं तेल आणि मसाला पोळीच्या तुकड्यानं पुसून घेतला. बोलता बोलता हे सगळं उभ्यानंच झालं. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "उरलं त कायले फेकाचं?"

श्रोतेहो, त्या खोटं बोलत नव्हत्या. ताटात एकच पोळी होती. बाकीचं त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच, ती आवराआवर होती.

आता जरा हिशोब पाहा. पोह्याच्या मोठ्या चमच्यानं एक चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. पन्नाशीतली बाई अर्धा तास भरभर चालली तर साधारण तेवढ्याच खर्च होतात. म्हणजे पहाटेच्या थंडीत उठून केलेली सगळी मेहनत रात्री कढईच्या तळाशी वाया जाते. चहाचंही तसंच. आल्यागेल्याबरोबर दिवसातून पाच वेळा, दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिनं साखर दिवसाला 20 ते 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. शिवाय चालायला लागल्यावर भूक वाढते, आणि सकाळपासून नीट काही खाल्लेलं नसलं तर रात्री हात आवरत नाही. त्यात वहिनींचा काय दोष?

या विषयावर महाराष्ट्रात बोलणं कमी झालेलं नाही. 2018 च्या सुमारास तर घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' असा वाद रंगला होता. आपल्या शेजारच्या काटोल तालुक्यातले डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांत संपवा आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, उपाशी राहू नका, आपल्या भागात पिकतं ते, घरचं, ऋतूप्रमाणे खा. लोकांनी दोन तट पाडले. मला त्या वादात पडायचं नाही. यातलं काहीही पाळायचं म्हटलं तरी आपण कधी जेवायचं आणि किती, हे ठरवण्याची मुभा असावी लागते. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईला ती नसते. तिची वेळ बाकीच्यांची जेवणं उरकतील तेव्हाची, आणि तिचं माप उरेल तेवढं.

मला राग येतो तो याचा. वजन वाढलं की तिलाच ऐकवतात, "जरा तोंडावर ताबा ठेव." आणि तिनं ताबा ठेवला की तेच घर पाहुण्यांसमोर आग्रह करतं, "घ्या हो एक पुरणपोळी, एका दिवसानं काय होते?"

खाण्याच्या नेमांचा विषय निघाला म्हणून आठवलं, सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यातलं. गांधीजी तिथं 1936 साली राहायला आले, पण त्यांचा एक नेम त्याआधीचा, 1915 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातला. हिंदुस्थानात असेपर्यंत दिवसाच्या चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. यामागचं कारण त्यांनी आत्मकथेत दिलं आहे. कलकत्त्याला ते ज्यांच्याकडे उतरले होते त्यांनी पाहुणा फलाहारी म्हणून गावातली होती नव्हती ती फळं आणि मेवा मागवला, आणि घरातल्या बायका रात्रभर जागून तो सोलत बसल्या. आपल्या जेवणापायी त्या माउल्यांना जागरण घडलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. खाण्याचा नेम करताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली माणसं होती, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या आष्टीहून लांब नसलेल्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत आरोग्याचा विचार केला तो सगळ्या गावाचा म्हणून. मग घरातल्या एकीचं वजन हा तिचा एकटीचा प्रश्न कसा?

अन्न टाकायचं नाही, ही वहिनींची शिकवण खरीच आहे. तूर आणि ज्वारी पिकवायला काय लागतं ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पण अन्न वाचवायचं ते शिजवताना. कोण किती जेवणार हे विचारून तांदूळ मोजून घ्यावेत. मुलांच्या ताटात आधी थोडं वाढावं, लागलं तर पुन्हा द्यावं. तरीही उरलं तर सकाळी पोळीचा कुस्करा आणि भाताला फोडणी आहेच, तो सगळ्यांनी वाटून खावा. आणि थंडीत आपल्याकडे काय कमी आहे? ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, सोबत गाजर-मुळा. पोट भरतं, बराच वेळ भूक लागत नाही. हेच जेवण साऱ्या घरानं सातच्या ठोक्याला एकत्र बसून केलं, तर वहिनींसाठी वेगळा 'डाएट' करावा लागणार नाही. तेलाचा हात थोडा आखडला तर वहिनींच्या यजमानांच्या रक्तदाबालाही बरंच.

एक सांगायला हवं. आपल्या देशात 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे 24 जणींचं वजन जास्त निघालं, आणि जवळपास 19 जणींचं कमी. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई पोटभर जेवली की नाही, हेही त्याच घरात पाहायचं आहे. शेवटी बसणारीच्या ताटात कधी जास्त पडतं, कधी काहीच उरत नाही.

वहिनींच्या सुनेला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिलं ताट सासूबाईंचं वाढलं. वहिनी अवघडून गेल्या, पण बसल्या. वजन काही आठवड्यात उतरणार नाही. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ आहे. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र एखादं जेवण बंद करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आज रात्री तुमच्या घरी स्वयंपाक करणारीला आधी बसवा. तिला काय हवं, किती हवं, ते तिला विचारून वाढा, आणि मागची कढई दुसऱ्या कोणीतरी घासायला घ्या.