पराभव संवत्सराचा संकल्प



चैत्र शुद्ध प्रतिपदेस शके १९४८ लागले. दारी गुढी उभी राहिली, कडुनिंबाची पाने गुळाबरोबर चावून झाली, आणि रिवाजाप्रमाणे पंचांग उघडून मी संवत्सराचे नाव मोठ्याने वाचले. नाव निघाले 'पराभव'. आमच्या आळीतील एक बाई बसल्या होत्या, त्या चपापल्याच. म्हणाल्या, "महाराज, वर्षाच्या पहिल्याच दिवशी हे काय अभद्र ऐकायचं?"

मी म्हटले, "बाई, भिऊ नका. माझा जन्मच या नावाच्या संवत्सरात झाला आहे."

आणि ते खरे आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे; त्यांतले हे चाळिसावे. मागे शके १८८८ मध्ये, म्हणजे इसवी सन १९६६ साली ते आले, तेव्हा मी पाळण्यात होतो. साठ वर्षांनी चक्र फिरून पुन्हा त्याच नावावर येऊन थांबले. आता पराभव म्हणजे कोणाचा पराभव, हे ज्याचे त्याने ठरवावे. 'भव' म्हणजे ही जन्ममरणाची येरझार. तिचाच पराभव झाला तर कोणाला नको आहे? पाठशाळेतील माझे गुरुजी असते तर "ही व्युत्पत्ती नव्हे, ही कोटी झाली" म्हणून त्यांनी माझा कान धरला असता. असो. कोटी सोडून देऊ, पण माझ्या साठ वर्षांत ज्याचा पराभव व्हावयास हवा होता आणि झाला नाही, असा एक गडी मला ठाऊक आहे. त्याचे नाव 'मी'. त्याच्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

वर्षारंभी माणसे संकल्प करतात. यंदा पारायण करीन, पहाटे उठेन, राग सोडीन. चांगले आहे. पण शास्त्रातला संकल्प कसा असतो तो पाहा. यजमान पाटावर बसतो, हातात पाणी घेतो. आधी देशाचा उच्चार होतो: जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचे अमुक तीर. मग काळाचा: शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. त्यानंतर गोत्र आणि नाव. काय करणार, ते अगदी शेवटी. एवढ्या विश्वाचा पत्ता सांगत सांगत मनुष्य आपल्या पाटापर्यंत येतो, तेव्हा कोठे त्याला 'करिष्ये' म्हणण्याचा अधिकार येतो. आपण हल्ली 'मी करीन' येथूनच आरंभ करतो आणि कोठे उभे आहोत ते पाहावयाचे राहून जाते. पाय कोठे आहेत ते न पाहता उडी मारली, तर पडणारच की!

आणखी एक बारकी गोष्ट. यजमान 'करिष्ये' म्हणतो, 'करिष्यामि' म्हणत नाही. व्याकरणात क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच येत असेल तर आत्मनेपद होते. दुसऱ्यासाठी करावयाचे तर परस्मैपद. तात्पर्य, नेम माझा, पाळावयाचा मी, मोडला तर उणेही माझेच.

हे सर्व मला पाठ होते. कौमुदी पाठ होती, चार माणसांत सांगण्याजोगे वेदान्ताचे ज्ञान होते. तरीही मी कोठे उभा आहे हे मला कळत नव्हते, ते कसे कळले ते सांगतो.

सात-आठ वर्षे झाली. एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. मंडप मोठा. चित्रण करणारी मंडळी आली होती. त्यांनी सांगितले, "महाराज, पखवाजवाला मध्ये येतो, चित्र नीट येत नाही." मी म्हटले, "त्याला तिकडे खांबाच्या बाजूला उभा करा." चित्र माझे, ते नीट यावयास नको का? कीर्तन रंगात आले. मागे टाळकऱ्यांच्या रांगेत एक म्हातारबाबा, आमच्याच दिंडीतले, सारखे तालाला चुकू लागले. एकदा झाले, दोनदा झाले. तिसऱ्या खेपेस मी चाल थांबवली, मागे वळलो आणि त्यांच्याकडे हात करून काही विनोद केला. मंडप हसला. बाबांनी टाळ गळ्यातून काढले, रांगेच्या कडेने खाली उतरले आणि गेले. मी पुढे निरूपण केले. विषय काय होता म्हणाल, तर नम्रता.

त्या वर्षी बाबा वारीस आले नाहीत. कार्तिकीसही नाहीत. मला टोचत होते, पण जावयास आठ महिने लागले. जाताना वाटेत क्षमेची वाक्ये मी मनात जुळवून ठेवली होती. शब्दांवर पोट भरणारा मनुष्य. शब्द चांगलेच जुळले होते. घरी पोचलो तर सून दारात होती. म्हणाली, "मामांना ऐकू येत नाही, महाराज. तीन वर्सं झाली. जवळ बसून हातानं सांगा."

मी जागच्या जागी उभा राहिलो. जी वाक्ये जुळवून आणली, ती त्यांच्या कानी पोचणारच नव्हती. मग उरले काय? मी आत गेलो आणि त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवले आणि आपल्या संप्रदायाच्या रीतीप्रमाणे वाकून माझे पाय धरले. नंतर हळूच म्हणाले, "कान गेलं, पर टाळ सुटंना. मी पखवाजवाल्याच्या हाताकडं बघून ताल धरायचो. त्या दिशी तो दिसंना."

वाचकहो, मी त्यांना जे बोललो ते त्यांना ऐकू आलेच नव्हते. माझा हात आणि मंडपातले हसणारे चेहरे तेवढे दिसले होते. ज्याला कान नाहीत तो डोळ्यांनी ताल सांभाळीत होता, आणि मला दोन्ही असून माझ्या पाठीमागे कोण उभे आहे हे मी पाहिले नव्हते. कीर्तनकाराचे तोंड लोकांकडे असते. ज्यांच्या आधारावर तो उभा असतो ते सगळे मागे असतात. तुमच्याही घरात, धंद्यात, कचेरीत असेच आहे. म्हणून संकल्पाचा पहिला भाग हा: मी कोठे उभा आहे आणि माझ्या मागे कोण उभे आहे, ते वर्षारंभी एकदा मान वळवून पाहणे. ज्याला दुखावले त्याच्याकडे जावयाचे असेल तर आठ महिने लावू नयेत.

दुसरा भाग: नेम एकच घ्यावा आणि तो लहान घ्यावा. येथे कोणी शंका घेईल, "महाराज, लहान नेमाने मोठी वाढ कशी होणार?" याचे उत्तर वारीत आहे. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरीस पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटर. एका दिवसात हे अंतर कोणी चालत नाही, पण रोजची मजल कोणी चुकवीतही नाही. मोठे अंतर लहान मजलांनीच कापले जाते. प्रापंचिकाला वेळ नाही हे खरे. पण सायंकाळी हरिपाठाला बसावयास वेळ नसेल, तर निजण्यापूर्वी हात जोडून पाच मिनिटे नाम घेता येते. एवढेच घ्या, पण ते वर्षभर घ्या.

तिसरा भाग: रोजची झडती. पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरती होते. तुम्ही पाहिली असेल. चोपदार चोप उंच करतो आणि एवढा अफाट समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो. हरवले काय, सापडले काय, ते पुकारले जाते. मग आरती. गाऱ्हाणे ऐकल्यावाचून आरती नाही, ही केवढी थोर शिस्त! आपल्या मनातही दिवसभर पुष्कळ टाळ वाजतात. रात्री अंथरुणावर बसून चोप उंच करावा. सगळे गप्प झाले तरी एक टाळ वाजत राहील. तेच त्या दिवसाचे गाऱ्हाणे. ते झाकून झोपू नये. आज काय हरवले, काय सापडले, ते पुकारावे आणि मग देवाचे नाव घेऊन निजावे. माझ्या मनात तो एक टाळ आठ महिने वाजत होता. मी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले.

चौथा भाग: नेम मोडला तर काय? बहुतेकांचे संकल्प अक्षय्य तृतीयेपर्यंतही टिकत नाहीत. एक दिवस चुकला की मनुष्य म्हणतो, "आता मोडलाच, तर मोडला." त्याने पंचांगाकडे पाहावे. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात सुमारे ३५४, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी सुमारे अकरा दिवसांचे उणे पडते. पंचांगकर्त्यांनी काय केले? उणे लपविले नाही, चंद्राला टाकूनही दिले नाही. हिशेब ठेवला, आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून ते भरून काढले. ज्या महिन्यात सूर्याची संक्रान्त नाही, ज्याला लोक मलमास म्हणून नाके मुरडीत, त्यालाच पुरुषोत्तमाचे नाव मिळाले. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. वर्ष तेरा महिन्यांचे, एकादश्या चोवीसच्या जागी सव्वीस, आणि पालख्या निज ज्येष्ठात निघतील. म्हणून यंदा ज्याचा नेम चैत्र-वैशाखात मोडेल त्याने निराश होऊ नये. देवाने एक महिना जास्तीचा दिला आहे. राहिलेले त्यात भरावे. उणे मान्य करून भरून काढणे, यालाच वाढ म्हणतात.

येथे सिद्धान्त एवढाच की, मनुष्य वाढला की नाही याचे माप त्याची मान किती उंच गेली हे नसून ती किती सहज वाकते हे आहे. झाडाचेही तसेच, शेंडा जितका वर, तितकी मुळे खाली लागतात.

ते बाबा पुढच्या आषाढीस आले. त्यानंतर दोन वाऱ्या केल्या आणि मग वैकुंठवासी झाले. त्यांचे टाळ सुनेने दिंडीला दिले. आता ते एका पोरसवद्या टाळकऱ्याच्या गळ्यात असतात.

मी माझ्यापुरता या पराभव संवत्सराचा एक नेम घेतला आहे. तुमच्या साक्षीने सांगतो, म्हणजे मोडताना लाज वाटेल. कीर्तनाला उभे राहिल्यावर लोकांना नमस्कार करण्यापूर्वी मागे वळावयाचे, टाळकऱ्यांना, विणेकऱ्याला आणि पखवाजवाल्याला वाकून नमस्कार करावयाचा, आणि विचारावयाचे, "सगळ्यांना पखवाजवाल्याचे हात दिसतात ना?"

चित्र कसे येईल ते येवो.

रामकृष्णहरी.